अळवातलं वळं

मैत्रिणींनो, घरात एखादा दागिना दिसेनासा झाला की सगळ्यात आधी तुमच्या मनात काय येतं? कपाट, पर्स, उशीखाली, देव्हाऱ्यात असं सगळं धुंडाळून होतं आणि मग, खरं सांगा हं, मन हळूच एका माणसाकडे वळतं की नाही? ते माणूस बहुधा घरातलं नसतं. ते आपल्याकडे धुण्याभांड्याला येणारं असतं. तोंडानं आपण काही बोलत नाही, पण त्या दिवशी चहाचा कप पुढे करताना हात जरासा आखडतो. माझाही आखडलेला आहे. म्हणूनच आमच्या वाड्याच्या परसात गेल्या वर्षी जे घडलं ते तुम्हाला सांगायचं ठरवलं.

साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी आमचा वाडा होता. पांढरीच्या मातीच्या जाड भिंती, मधे चौक, मागे परस, परसात आड आणि आडाशेजारी धुण्याचा दगड. धुण्याचं पाणी एका उघड्या पाटानं अळवाला आणि केळींना जायचं. आमचे चुलत सासरे तिथे शेवटपर्यंत राहिले. त्यांच्या मागे वाडा पडायलाच आला. अखेर सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्या झाल्या. तुळया, दारं, कडीपाट विकले गेले, भिंती उतरवल्या आणि मोकळी जागा बिल्डरच्या हाती जायला पंधरा दिवस उरले.

नेमक्या त्याच वेळी थोरल्या वन्संचा मुलगा इंग्लंडहून परत आला. वर्षभर तिकडे शिकायला होता. सगळ्यांना वाटलं, सामानात चॉकलेटं असतील. पण यानं बॅगेतून काढली एक लांब दांडी! खाली ताटाएवढी गोल चकती, वर मूठ आणि मुठीजवळ छोटासा पडदा.

"मामी, हा मेटल डिटेक्टर. जमिनीखालचा धातू हुडकतो," तो म्हणाला.

मला आधी विमानतळावरचे तपासनीस आठवले. पण तिकडे हा म्हणे लोकांचा रविवारचा छंद आहे. याच्या घराशेजारी एक निवृत्त आजोबा राहायचे. ते याला बरोबर न्यायचे. जुन्या बागा, गावातली हिरवळ, जिथे एकेकाळी घर होतं आणि आता नुसतं गवत आहे अशा जागा हुडकायच्या. जिची जागा असेल त्याची परवानगी काढायची आणि चकती जमिनीवरून हलकेच फिरवत चालायचं. जिथे माणसं बसली, जेवली, मुलं खेळली, तिथे खिशातलं काहीतरी पडलेलं असतंच. जुन्या बागेत मोठ्या झाडाखाली नाणी, बटणं, किल्ल्या, मुलांच्या खेळण्यातल्या गाड्या आणि अंगठ्या सापडतात.

"अंगठ्या?" मी विचारलं.

"थंडीत बोटं बारीक होतात ना मामी! त्यात हात ओला असला की अंगठी कधी सुटली ते कळतच नाही."

सासूबाई पलीकडे शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले, हे मी पाहिलं. पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

त्या यंत्राचं काम कसं चालतं ते त्यानं मला समजावून सांगितलं. मी बी. ए. इतिहासाची आणि शाळेत इतिहासाचेच तास घेते, त्यामुळे विज्ञानाच्या नावानं बेताचीच. पण हे कळलं. चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत बदलती वीज वाहते, म्हणून आजूबाजूला बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जमिनीखालच्या धातूपर्यंत पोचलं की त्या धातूतही बारीकसे विजेचे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं. यंत्र ते टिपतं आणि शिट्टी वाजवतं. म्हणजे यंत्र हाक मारतं आणि धातू ओ देतो, एवढंच! लोखंडाची ओ वेगळी, तांब्याची वेगळी. नाण्याएवढी लहान वस्तू साधारण वीतभर खोल असेल तोवर कळते. त्याखाली मात्र यंत्राला ऐकू येत नाही.

हे यंत्र काही आजचं नाही बरं का. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ साली असंच एक यंत्र बनवलं होतं, ते अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी. गोळी काही सापडली नाही आणि अध्यक्षही वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पेरलेले सुरुंग शोधायला अशी यंत्रं सर्रास वापरली गेली. आता तेच यंत्र घेऊन लोक हरवलेल्या अंगठ्या शोधतात. माणसाची बुद्धी कुठून कुठे जाते पाहा!

त्यानं सांगितलेली एक गोष्ट तर मी वर्गातसुद्धा सांगितली. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात हॉक्सन नावाचं खेडं आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. एरिक लॉझ नावाचे त्याचे मित्र यंत्र घेऊन हातोडा शोधायला गेले. यंत्र वाजलं, खणलं, तर काय? सोन्याचांदीची नाणी! त्या भल्या माणसानं जास्त उकराउकर न करता लगेच कळवलं. पुरातत्त्वाची माणसं आली आणि त्यांनी सगळं रीतसर बाहेर काढलं. जवळजवळ पंधरा हजार रोमन नाणी आणि सोन्याचांदीच्या दोनशेच्या घरात वस्तू निघाल्या. सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी पेटीत भरून पुरलेल्या. त्यात चांदीच्या चार मिरपूडदाण्या होत्या, त्यातली एक तर एका स्त्रीच्या आकाराची. मिरी त्या काळी जायची आपल्याकडच्या मलबार किनाऱ्यावरूनच! आणि एक सोन्याचं कंकण होतं, त्यावर जुलियाना नावाच्या बाईसाठी शुभेच्छा कोरलेल्या. ती जुलियाना कोण, तिचं पुढे काय झालं, हे कुणालाच ठाऊक नाही. कंकण तेवढं राहिलं. लॉझना मोठं बक्षीस मिळालं आणि त्यांनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. गंमत म्हणजे हातोडाही सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

हे ऐकल्यावर आमच्या घरात काय उत्साह संचारला असेल, ते सांगायला नकोच. यांनी तर "पेशवाईतला हंडा निघाला तर मोठं घर घेऊ" असं जाहीरच करून टाकलं. पण भाच्यानं सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाला, "मामा, आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे, निखात निधीचा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर काय, कुठे, कधी सापडलं ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षभराची कैद होऊ शकते. किल्ल्यावर किंवा संरक्षित स्मारकाच्या आवारात तर परवानगीशिवाय कुदळ लावायचीच नाही. आपण फक्त आपल्या परसात शोधायचं, तेही बिल्डरला सांगून." यांचं मोठं घर तिथेच बारगळलं.

दुसऱ्या दिवशी डबा बांधून आम्ही सगळे वाड्याच्या जागेवर गेलो. पहिला तास नुसते खिळे! जुन्या वाड्याच्या मातीत इतके खिळे असतात की ऑफ तासाच्या वर्गासारखा एकच गलका उठतो. मग भाच्यानं यंत्राला लोखंडापुरतं गप्प केलं आणि हळूहळू वाडा बोलू लागला.

जिथे स्वयंपाकघर होतं तिथे पितळी उलथन्याचं पातं आणि कुंकवाच्या करंड्याचं झाकण निघालं. माजघराच्या जागी एक जोडवं आणि बाळाच्या वाळ्यातलं घुंगरू. चौकात नाणीच नाणी. १९४३ ते १९४७ च्या काळातले भोकाचे पैसे सात निघाले. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या आजी ते करगोट्यात ओवून मुलांच्या कमरेला बांधायच्या. तुळशीवृंदावनाच्या पायापाशी राणीच्या छापाचा एक तांब्याचा पाव आणा मिळाला. १९५७ साली दशमान पद्धत आली, त्यानंतरचे 'नये पैसे' मिळाले. षट्कोनी तीन पैसे मिळाले, कमळाचं चित्र असलेले पिवळे वीस पैसे मिळाले. माझ्या मुलानं पाच पैशांचं नाणं हातात घेऊन विचारलं, "आई, यात काय यायचं?" मी म्हटलं, "माझ्या आईच्या लहानपणी लिमलेटच्या गोळ्या यायच्या." त्याचा विश्वास बसेना. आणि का बसावा? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ साली चलनातूनच गेली.

दिंडीदरवाजाच्या बाहेर, जिथे लिंबाचं झाड होतं, तिथे यंत्र एकसारखं वाजायला लागलं. खणलं तर पांढुरके, डाळीएवढे धातूचे थेंब. वीस-पंचवीस तरी असतील. चांदी म्हणावी तर चांदी नाही. आम्ही सगळे कोड्यात. सासूबाईंनी एक थेंब हातात घेतला आणि हसल्याच. "अगं, हे कथील! कल्हईवाला इथेच भट्टी लावून बसायचा." आणि मग किती वेळ त्या सांगत राहिल्या. जमिनीत पुरलेला तो भाता, नवसागराचा वास, लाल तापलेल्या पातेल्यात फिरणारा कापसाचा बोळा आणि पाण्यात बुडवल्यावर येणारा चर्र आवाज. इतिहासाच्या पुस्तकात राजांची नाणी असतात हो, कल्हईवाल्याच्या हातून सांडलेले थेंब कुठे असतात? ते अशा मातीतच मिळायचे.

संध्याकाळी भाच्यानं उगाच विचारावं तसं विचारलं, "आजी, या जागेत कुणाचं सोन्याबिन्याचं काही हरवलं होतं का गं?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या.

तिसरा दिवस शेवटचा होता. दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार होता. परसाचा बराच भाग बघून झाला होता. धुण्याच्या दगडापाशी यंत्र वाजत होतं खरं, पण ती सगळी जुन्या टूथपेस्टच्या ट्यूबांची आणि गोळ्यांच्या वेष्टनांची तुकडेताकडे. सोन्याच्या लहान वस्तूची आणि अशा चांदीच्या कागदाची ओ यंत्राला जवळजवळ सारखीच ऐकू येते म्हणे. चार वेळा खणून चार वेळा कागद निघाल्यावर भाचा कंटाळला. "मामी, आवरूया आता."

तेव्हा सासूबाई उठल्या. पदर खोचला आणि पाटाच्या कडेकडेनं चालत अळवाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. कुणी पाणी घालत नव्हतं, तरी पावसावर अळू तेवढं तगलं होतं.

"इथे बघ," त्या म्हणाल्या.

"आजी, तिथे काय असणार?"

"बघ म्हटलं ना."

यंत्र वाजलं. पुन्हा तोच, कागदासारखा आवाज. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच म्हटलं, खण. त्यानं अळवाचे दोन कांदे बाजूला काढले. वीतभर खाली काळी, चिकट माती लागली. ती मुठीत घेऊन त्यानं बोटांनी फोडली आणि मधे पिवळं काहीतरी चमकलं. सोनं गंजत नाही, काळवंडत नाही. चाळीस वर्षं सांडपाण्यात राहूनसुद्धा ते काल काढून ठेवल्यासारखं होतं. वळं होतं ते. वळं म्हणजे साधी, बिनखड्याची, जाडसर अंगठी.

भाचा आनंदानं ओरडला. मुलांनी टाळ्या पिटल्या. मी सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या धुण्याच्या दगडावर खाली बसल्या होत्या. चेहरा असा, की मी धावत पाणी आणायला गेले.

"आई, हे तुमचं?"

त्यांनी मान हलवली. आणि मग थांबत थांबत जे सांगितलं, ते यांनीसुद्धा आजवर ऐकलेलं नव्हतं.

१९८५ सालचा हिवाळा. सासूबाईंच्या पदरी दोन लहान मुलं. हे अर्ध्या तोळ्याचं वळं त्यांच्या आईनं लग्नात घातलेलं, माहेरचं तेवढं एकच सोनं. एक दिवस दुपारी लक्षात आलं की बोटात वळं नाही. सकाळी मुलांचे कपडे त्यांनी स्वतः धुतले होते. पाणी गार, हात साबणाचे. निसटलं असेल, हे त्यांना मनातून तेव्हाच वाटलं होतं. पण माझ्या आजेसासूबाई फार कडक. "सोनं सांभाळता येत नाही तर घालता कशाला" हे वर्षभर ऐकावं लागलं असतं. त्यांनी विचारलं, "वळं कुठे गेलं?" आणि सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "धुण्याआधी काढून कोनाड्यात ठेवलं होतं."

एवढंच. दुसरं काही त्या बोलल्या नाहीत. कुणाचं नाव घेतलं नाही.

पण कोनाड्यातली वस्तू आपोआप थोडीच जाते? परसात त्या सकाळी भांडी घासायला एक मावशी होत्या. पुढचं सगळं आजेसासूबाईंनी केलं. दिंडीदरवाजात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मावशी म्हणत राहिल्या, "मोरीत बघा, पाटात बघा, मी हात लावला न्हाई." पाटात कुणी पाहिलं नाही. कारण कोनाड्यातलं वळं पाटात कसं जाईल?

"मी तिथेच उभी होते गं," सासूबाई म्हणाल्या. "बाळ कडेवर होतं. एक शब्द बोलले असते तर थांबलं असतं. मला वाटलं, उद्या सांगीन. उद्या सांगीन, उद्या सांगीन म्हणता म्हणता सांगायचं राहिलंच."

मैत्रिणींनो, मी सून आहे. सासूच्या धाकात तोंडून निघून गेलेलं खोटं कसं असतं ते मला समजतं. तुम्हालाही समजत असेल. आपण ते स्वतःला वाचवायला बोलतो. पण ते जाऊन पडतं कुणावर? ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर.

भाच्याची थट्टा करायची सवय. तो हळूच म्हणाला, "चला, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला नको. मालकीणच समोर उभी आहे." कुणी हसलं नाही. मग तोही गप्प झाला.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. सकाळी मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर."

मावशी गावातच होत्या. वेशीबाहेर, मुलाकडे. सत्तरी उलटलेली, डोळ्यांना कमी दिसत होतं, पण ताठ बसलेल्या. सासूबाईंनी नाव सांगितलं. क्षणभर काही हललं नाही. मग त्या म्हणाल्या, "या वैनी. बसा."

सासूबाईंनी रुमाल सोडला आणि वळं त्यांच्या तळहातावर ठेवलं. "अळवात सापडलं, मावशी. काल." पुढे त्यांना बोलवेना. मावशींनी वळं चाचपून पाहिलं आणि परत दिलं.

"मला तवाच ठावं हुतं, म्या घेतलं न्हाई त्ये," त्या म्हणाल्या. "तुमाला काल कळलं."

सासूबाईंनी सगळं सांगितलं. कोनाड्याचंसुद्धा. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. निसटलं आणि सापडलं, एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांनी सांगितलं. मावशी ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, त्या गल्लीत त्यांची पाच घरं होती. महिन्याच्या आत पाचही सुटली. थोरल्या मुलीची शाळा तेव्हाच सुटली, ती शेतावर जायला लागली. हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

"वळं तुम्हीच ठेवून घ्या मावशी. माझं एवढं ऐका," सासूबाई म्हणाल्या.

"नगं. त्ये घेतलं तर लोक म्हनतील, शेवटी हिच्याकडंच गेलं." मावशी किंचित हसल्या. "वैनी, तवा गल्लीत बोलणं झालं हुतं. द्यायचंच आसंल तर गल्लीत सांगा."

घरी येईपर्यंत सासूबाई रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या यांना वाटलं, झालं गेलं, आता या वयात कशाला चारचौघांत? आजीचं नाव उगाच खराब होईल. मीही आधी तसंच म्हटलं, खोटं कशाला सांगू? पण सासूबाई म्हणाल्या, "आत्तींचं नाव खराब होईल म्हणून तिचं चाळीस वर्षं झालं, ते तसंच ठेवायचं का?" यावर कोण काय बोलणार?

संक्रांतीला आमच्या जुन्या गल्लीत मारुतीच्या पारावर बायका तिळगूळ द्यायला जमतात. अजूनही जमतात. त्या वेळच्या सुना आता आज्या झाल्या आहेत. सासूबाई मावशींना रिक्षातून घेऊन आल्या आणि आपल्या शेजारी बसवलं. तिळगूळ वाटून झाल्यावर त्या उभ्या राहिल्या. भाषण वगैरे काही नाही. "तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल," अशी सुरुवात करून चार वाक्यांत सांगितलं. वळं सापडलं. ते पाण्यातून वाहून गेलं होतं. कोनाड्याची गोष्ट मी खोटी सांगितली होती. या मावशींनी कधीच कशाला हात लावलेला नव्हता.

कुणी काही बोललं नाही. मग समोरच्या घरातल्या काकू उठल्या. मावशींच्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणाल्या, "आम्हीही तेव्हा काम सोडवलं हो तुमचं." मावशींनी तिळगूळ तोंडात टाकला. "ग्वाड हाय," म्हणाल्या. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. मुलीची शाळा काही तिळगुळानं परत येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठला भाचा आणि कुठलं यंत्र? यंत्राशिवायही पुष्कळ करता येतं. या अनुभवानंतर मी जे शिकले ते सांगते.

अंगठी किंवा कानातलं हरवलं की आधी नळ बंद करा. पाणी जितकं सोडाल तितकी वस्तू पुढे जाते. बेसिनखाली जो वाकडा पाइप असतो त्यात जड वस्तू अडकून राहते. खाली बादली ठेवून त्याचं बूच सोडवा आणि निघालेला गाळ चहाच्या गाळणीतून गाळून बघा. मोरीची जाळी काढून आतला गाळही तसाच बघा. लोहचुंबक घेऊन सोनं शोधू नका, सोनंचांदी चुंबकाला चिकटत नाही. सुई किंवा टाचणी मात्र चिकटते. खोलीत हरवलं असेल तर रात्री दिवे मालवा आणि बॅटरी फरशीवर आडवी ठेवून उजेड पाडा. बारीक खडासुद्धा चमकतो. केर लगेच टाकू नका, सुपात घेऊन पाखडा. थंडीच्या दिवसांत सैल अंगठी घालून धुणंभांडी करू नका. काढलीत तर एका ठरलेल्या वाटीतच ठेवा.

आणि जुनं घर पाडताना मातीत नाणी मिळाली तर ती चिंच, राख लावून घासू नका. घासल्यानं वरची अक्षरं जातात आणि मग नाणं मुकं होतं. साध्या पाण्यानं माती काढा, सावलीत वाळवा आणि वेगवेगळ्या कागदात ठेवून कुठल्या खोलीच्या जागी मिळालं ते वर लिहा. आम्हाला वाड्याच्या पायापाशी एक झिजलेली शिवराई मिळाली होती, 'श्री राजा' एवढीच अक्षरं दिसणारी. तिच्याबद्दल आम्ही लेखी अर्ज देऊन पोच घेतली. यात भिण्यासारखं काहीच नाही. बाकीची भोकाची आणि नव्या पैशांची नाणी मी शाळेत नेते. मुलं हातात घेऊन बघतात तेव्हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

वळं आता सासूबाईंच्या डब्यात आहे. बोटं सुजलेली असतात, त्यामुळे ते बोटात जात नाही आणि त्या घालायचा प्रयत्नही करत नाहीत. कल्हईचे थेंब मात्र मी काचेच्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवले आहेत.

गेल्या महिन्यात माझ्या कानातल्या रिंगांपैकी एक हरवली. सगळीकडे शोधलं. मोरीची जाळी काढली, पाइप सोडवला, केर पाखडला. नाही मिळाली. संध्याकाळी कामाच्या बाई आल्या. मन तेच जुनं वळण घ्यायला निघालंच होतं, खोटं सांगत नाही. मी फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं आणि त्यांना म्हटलं, "माझी रिंग पडली आहे कुठेतरी. केर काढताना दिसली तर बघाल का? आणि आधी चहा घ्या."

रिंग अजून सापडलेली नाही. नसेना का. मातीत असेल, पाण्यात असेल, कुठेतरी असेल. सोन्याला वाट बघायची सवय असते, माणसाला नसते.